नांगर सोडा म्हणण्याआधी : चार कृषी विद्यापीठांना आणि कृषी आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : कोरडवाहू काळ्या रानात विनानांगरणीची शिफारस आणि तिच्या आड येणारी आपलीच अनुदाने

महोदय,

मी मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी. सोयाबीन-तूर, सोयाबीन निघाले की उरलेल्या ओलीवर हरभरा आणि एका पट्टीत कापूस. आमच्या गटातल्या काहींनी कायमचे गादीवाफे (उंच, रुंद वाफे) पाडून नांगर आणि मोगडा (ढेकळे फोडायचे अवजार) बंद केला आहे. बाकीचे बांधावर उभे राहून बघत आहेत. दोन्हीकडच्या लोकांशी माझे रोजचे बोलणे असते, आणि दोन्हीकडचे जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे माझ्याकडे नाहीत. ती तुमच्याकडे असायला हवीत, म्हणून हे पत्र.

पहिला प्रश्न सरळ आहे. सरकारला नेमके काय हवे आहे? नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने संवर्धित शेती गावोगावी नेली. पहिल्या टप्प्यातच सुमारे 5 हजार गावे होती. शून्य मशागत, गादीवाफा, मुळे जमिनीतच ठेवणे हे शब्द त्यामुळे आमच्या चावडीवर आले, आणि ते चांगलेच झाले. पण महाडीबीटी या राज्याच्या अनुदानाच्या पोर्टलवर जाऊन यांत्रिकीकरणाची यादी उघडा. तिथे रोटाव्हेटरला अनुदान आहे, पलटी नांगरालाही आहे. म्हणजे एका योजनेत जमीन हलवू नका, आणि दुसऱ्या योजनेत जमिनीचा भुगा करायच्या अवजारावर सूट. शेतकरी कुठली शिफारस ऐकेल हे सांगायला कृषी पदवी लागत नाही. ज्या शिफारशीबरोबर पैसे येतात तीच तो ऐकेल.

आता शिफारशीकडे येतो. संवर्धित शेतीचे तत्त्व तीन गोष्टींचे आहे आणि तिन्ही एकत्र पाहिजेत: जमीन कमीत कमी हलवायची, तिच्यावर बारा महिने आच्छादन ठेवायचे, पिकांची फेरपालट करायची. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत पेरणीनंतर निदान 30 टक्के जमीन झाकलेली असावी असे आहे. आमच्याकडे मात्र प्रचार होतो तो पहिल्याच गोष्टीचा, कारण ती सांगायला सोपी आहे. नांगर बंद करा, डिझेल वाचवा. तिवईचे दोन पाय काढून तिसऱ्यावर बसायला सांगावे तसे हे आहे.

ही माझी कुरकुर नाही, आकडे आहेत. 2015 साली ‘नेचर’मध्ये कॅमेरॉन पिटलको आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. 63 देश, 48 पिके, 610 अभ्यास आणि त्यांतल्या 5,463 तुलना त्यांनी एकत्र मांडल्या. विनानांगरणीने सरासरी उत्पादन 5.7 टक्के घटले. नुसती नांगरणी बंद केली, आच्छादन नाही आणि फेरपालटही नाही, तिथे घट 9.9 टक्के. तिन्ही गोष्टी केल्या तिथे घट 2.5 टक्क्यांवर आली. आणि आपल्या कामाचे वाक्य पुढे आहे: कोरड्या हवामानात, पावसावरच्या पिकांत, तिन्ही गोष्टी एकत्र केल्यावर उत्पादन उलट 7.3 टक्के वाढले.

कोरडे हवामान आणि पावसावरचे पीक म्हणजे आम्हीच. त्या अर्थी ही पद्धत आमच्यासाठी आहे. पण तिन्ही पायांवर. तुमच्या प्रात्यक्षिकांत कापणीनंतर शेतात किती आच्छादन उरले हे कोणी मोजते का? मी पाहिलेल्या फलकांवर वाण, खतमात्रा, पेरणीची तारीख आणि प्रायोजकाचे नाव असते. झाकलेल्या जमिनीची टक्केवारी मला अजून दिसलेली नाही.

उत्पादन सुरुवातीला का घटते, हे शेतकऱ्याला आधी सांगितले पाहिजे. गव्हाचा भुसा, ज्वारीची धसकटे, कपाशीचे खोड यांत कार्बन भरपूर आणि नत्र अगदी कमी. ते कुजवताना जिवाणू जमिनीतले नत्र स्वतःच्या शरीरासाठी उचलतात. पीक पिवळे पडते. शेतकरी म्हणतो, बघा, नांगरट केली असती तर असे झाले नसते. त्याला जर कोणी आधीच सांगितले असते की पहिली दोन-तीन वर्षे पेरणीबरोबरचा नत्राचा हप्ता थोडा वाढव आणि तो आच्छादनावर न फेकता मातीत दे, तर तो टिकला असता. आमच्या गटातून जे परत नांगरटीकडे गेले त्यांतले बहुतेक याच टप्प्यावर गेले. जमीन सुधारायला वेळ लागतो हे त्यांना मान्य होते, बँकेचे हप्ते मात्र तेवढे थांबत नाहीत.

दुसऱ्या बाजूला जे टिकले त्यांच्या रानात फरक दिसतो, तोही खरा आहे. पाऊस पडून गेल्यावर सरीत पाणी साचते, पण वाफ्यावर पाय रुतत नाही. मेलेल्या मुळांची जी पोकळ जागा राहते तिच्यातून आणि गांडुळांच्या बिळांतून पाणी खाली जाते. नांगराने दरवर्षी ती भोके मोडली की पाण्याला पुन्हा नव्याने वाट शोधावी लागते. ऑगस्टमध्ये पावसाचा तीन आठवड्यांचा खंड पडला की दोन शेजारी रानांतला फरक रस्त्यावरून कळतो. रोटाव्हेटर मारलेल्या रानातले सोयाबीन दुपारी माना टाकते. त्याचे कारण वर नाही, खाली आहे. रोटाव्हेटर वरच्या चार-सहा इंचांचे पीठ करतो आणि त्याच खोलीवर दरवर्षी पाती घासून खाली कठीण थर बसवतो. मुळे तिथे अडतात, पाणीही. वरचे पीठ पहिल्या जोरदार सरीत लिंपल्यासारखे होऊन बसते.

आणि काळी जमीन ही सगळ्या जमिनींसारखी नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिच्यातली चिकणमाती ओलीने फुगते, उन्हाने आक्रसते. एप्रिलमध्ये हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्यांत पडते, पावसात पुन्हा फुगून खालवर होते. वर्षातून एकदा ती स्वतःची उलथापालथ स्वतःच करते. मग तिला दरवर्षी पलटी नांगराने एक फूट उलटे करायची गरज कोणी आणि केव्हा सिद्ध केली? वऱ्हाड-मराठवाड्यात पूर्वी मुख्य अवजार वखर होते. दोन-तीन इंच माती खरवडायची, तण कापायचे, ओल मोडू द्यायची नाही. लोखंडी नांगर लागायचा तो कुंदा किंवा हराळी फार माजली तर, काही वर्षांतून एकदा. 1930च्या दशकात सोलापूरला कोरडवाहू संशोधन केंद्र सुरू झाले आणि मुंबई इलाख्याची कोरडवाहू पद्धत म्हणून जे सांगितले गेले त्यातही खोल नांगरट दर तीन वर्षांनी एकदाच होती. आज विद्यापीठांच्या बहुतेक पीक पुस्तिकांत पूर्वमशागतीची पहिली ओळ उन्हाळी खोल नांगरटीची असते. काही पुस्तिका ‘तीन वर्षांतून एकदा’ म्हणतात, काही ते सांगतच नाहीत. ट्रॅक्टरवाल्याला जी सोयीची ती ओळ गावात चालते.

खोल नांगरटीचे समर्थन किडीच्या नावाने होते, त्यावर थोडे थांबतो, कारण इथे तुमच्याच दोन विभागांचे एकमत नाही. कीटकशास्त्र म्हणते, हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि किडींचे कोष उघडे पाडण्यासाठी नांगरा. मृदशास्त्र म्हणते, नांगरू नका. शेतकऱ्याने कोणाचे ऐकावे? हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर येतात. झाडे हलवून आणि प्रकाश सापळे लावून ते गोळा करता येतात, तेही गावाने मिळून केले तर. हा उपाय तुमच्याच पुस्तिकेत आहे. मग विनानांगरणीच्या रानासाठी वेगळी कीड शिफारस एका पानावर लिहून द्यायला काय हरकत आहे?

कपाशीचा गुंता याहून अवघड आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हापासून सांगितले जाते की फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला कापूस) घेऊ नका, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) रानात ठेवू नका, बांधावर रचू नका. बरोबर आहे. किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत महिनोन्‌महिने राहते. पण संवर्धित शेती म्हणते, पिकाचे अवशेष रानातच ठेवा. यातून वाट आहे: बोंडे वेचून किंवा त्यांत जनावरे सोडून, मग कुट्टी यंत्राने पऱ्हाटी बारीक करून तिथेच पसरायची, मुळे जागेवर ठेवायची. हे डिसेंबर-जानेवारीत झाले पाहिजे. आता मला सांगा, एका तालुक्यात पऱ्हाटीची कुट्टी करणारी यंत्रे किती आणि रोटाव्हेटर किती? मी मोजलेले नाही, पण आमच्या शिवारात दुसऱ्या प्रकारचे यंत्र शोधावे लागत नाही.

आच्छादनाचा खरा प्रश्न मात्र यंत्राचा नाही. आच्छादन आणायचे कुठून? ज्वारीचा कडबा जनावरे खातात, आणि दुष्काळी वर्षात ज्वारीपेक्षा कडबा महाग जातो. तूर-हरभऱ्याचे कुटार शेळ्या खातात. सोयाबीन मजूर कापतात, गंजी लावतात, मळणीयंत्र एका कोपऱ्यात उभे राहते, आणि सगळ्या रानाचे भुसकट त्या एका कोपऱ्यात ढीग होऊन पडते. मग ते कोणी विकतो, कोणी काडी लावतो. कापणी झाली की शिवार मोकळे होते आणि गावाची जनावरे फिरतात. तुम्ही आच्छादन ठेवलेत तर ते शेजाऱ्याच्या म्हशीसाठी ठेवलेत. जे वाचेल ते उधळी (वाळवी) खाते. आफ्रिकेतल्या लहान शेतकऱ्यांबाबत हाच मुद्दा वागेनिंगनच्या केन गिलर यांनी 2009 मध्ये मांडला होता: चाऱ्याची टंचाई, तणाचा वाढता बोजा आणि मजुरी यांचा हिशोब न करता ही पद्धत सगळ्यांना सरसकट सांगू नका. त्यावर पुष्कळ वाद झाला. पण म्हैस आमच्याकडेही आहे.

उसात उलटे आहे. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट रानातच पडलेले असते, खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यांवर फुटणाऱ्या उसात) ते सरीत दाबायचे एवढेच काम, आणि तरी काडी लावतात. तिथे पाणी आहे, वस्तू आहे, फक्त घाई आहे. कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी विनानांगरणीचा ऊस आणि भात वर्षानुवर्षे करून दाखवला, लिहून दाखवला. कर्जत तालुक्यातल्या नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी भातात चिखलणी आणि लावणी दोन्ही बंद करून सगुणा पद्धत उभी केली. ही दोन्ही कामे शेतकऱ्यांनी केली, विद्यापीठे मागून आली. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ब्राझीलमध्येही 1972 साली रोलांडियाच्या हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने आधी नांगर सोडला, आणि संशोधन त्याच्या पाठोपाठ गेले. पण पारानाच्या तांबड्या जमिनीत वर्षभर कमी-जास्त पाऊस असतो, हिवाळ्यात ओटसारखे आच्छादन पीक घेता येते. आमच्याकडे ऑक्टोबरनंतर आठ महिने आभाळ कोरडे. कर्जतच्या भातखाचरात जे चालले ते मराठवाड्यातल्या औंढ्याच्या किंवा मंठ्याच्या भारी रानात तसेच्या तसे चालेल हे गृहीत धरून फलक छापू नका, एवढेच म्हणणे आहे.

सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे मातीतल्या कार्बनचा विषय तर आता जत्रेतल्या औषधाच्या पातळीवर गेला आहे. तीन वर्षांत कर्ब 0.4 वरून 1 टक्का झाला, असे अहवाल मोबाइलवर फिरतात आणि काही शासकीय कार्यक्रमांत टाळ्याही घेतात. साधा हिशोब करू. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 15 सेंमी थराचे वजन सुमारे 20 लाख किलो. त्यात 0.6 टक्के वाढ म्हणजे 12 टन कार्बन. आपल्या उन्हात काडीकचऱ्यातला कार्बन टिकतो तो पाचव्या हिश्शाइतका धरा, तोही उदार मनाने. बाकीचा हवेत जातो. म्हणजे 60 टन कार्बन घालायला हवा. वाळलेल्या काडीत कार्बन 40 टक्के. एकूण 150 टन वाळलेला काडीकचरा, तीन वर्षांत, एका हेक्टरात. कोरडवाहू सोयाबीनच्या रानात एवढा कचरा कुठून येईल? मुळांतला कार्बन जास्त टिकतो, धूप थांबली की होता तो वाचतो, हे सगळे मान्य करूनही हा आकडा जुळत नाही.

जुळत नाही याचे कारण बहुतेक वेळा फसवणूक नसते, नमुना घेण्याची खोली असते. नांगर बंद केला की काडीकचरा आणि मुळे वरच्या दोन इंचांत साठतात, तिथला कर्ब खरोखर वाढतो. नांगरलेल्या रानात तोच कर्ब एक फुटात मिसळलेला असतो. तुम्ही फक्त वरची माती तपासली तर विनानांगरणीचे रान जिंकते, दोन फूट खोल तपासले तर बऱ्याचदा दोघांत फारसा फरक राहत नाही. पण वरच्या दोन इंचांतला कर्ब निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. पावसाचा थेंब तिथेच पडतो, बी तिथेच उगवते, माती वाहून जायला तिथूनच सुरुवात होते. फायदा आहे, फक्त तो पाणी मुरण्याचा आणि धूप थांबण्याचा आहे. कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे जमिनीत साठवलेला कार्बन विकण्याच्या नावाने शेतकऱ्याकडून करार करून घेणाऱ्या कंपन्या गावात फिरत असताना हा फरक सांगणे तुमचे काम आहे. तुम्ही गप्प राहिलात तर तो फरक आम्हाला करारातल्या बारीक अक्षरांत वाचावा लागेल.

याच कारणाने मृदा आरोग्य पत्रिकेवरही बोलतो. 2015 साली ती योजना आली. पत्रिकेत 12 गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये. सगळे रसायन. पाणी किती वेगाने मुरते, ढेकूळ पाण्यात विरघळते की टिकते, जमीन किती घट्ट झाली आहे, यांतले एकही नाही. संवर्धित शेतीने जे बदलते ते नेमके पत्रिकेत नसलेल्या रकान्यांत. पत्र्याचा डबा दोन्हीकडून कापून जमिनीत ठोकायचा, ठरावीक पाणी ओतायचे, घड्याळ लावायचे. शाळेतली मुले करतील अशी चाचणी आहे ही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हणत नाले खोल करण्यावर राज्याने जेवढे जेसीबी चालवले त्यातल्या एकाच्या एका दिवसाच्या डिझेलमध्ये अख्ख्या गावाच्या शेतांत असे डबे ठोकून होतील. पाणी जिरवायची पहिली जागा नाला नसून शेत आहे.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात जमिनी खरडून गेल्या. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण त्या वेळी काही उत्साही लोकांनी ‘संवर्धित शेती असती तर’ अशी भाषा केली. नदीचा लोंढा ज्या रानावरून गेला ते रान कुठल्याच आच्छादनाने वाचले नसते. पण पूर नसलेल्या, उताराच्या मधल्या रानांतही बोटभर माती गेली. तिची बातमी होत नाही, पंचनामा होत नाही. त्या रानांत मुळे आणि धसकटे धरून असलेली माती कमी गेली, हे आम्ही पाहिले. किती कमी, ते आम्हाला सांगता येणार नाही. तुमच्याकडे मोजमापाची साधने आहेत.

तणनाशकाबद्दल तुम्ही सगळ्यात कमी बोलता आणि गावात सगळ्यात जास्त तेच चालते. नांगर गेला की हराळी, लव्हाळा, कुंदा यांना मोकळे रान मिळते. प्रात्यक्षिकांत त्यावर सर्रास उत्तर असते पेरणीआधी ग्लायफोसेट. आपल्या देशात ग्लायफोसेटची नोंदणी चहाचे मळे आणि बिगरपीक क्षेत्र यांच्यापुरती आहे. 2022 साली केंद्राने त्याच्या वापरावर आणखी बंधने घालणारी अधिसूचना काढली. मग सोयाबीनच्या वाफ्यावर ते मारायचे म्हणजे नेमके कुठल्या शिफारशीने? विद्यापीठाचे असेल तर लेखी द्या, नसेल तर प्रात्यक्षिकातून ते डबे हटवा. शेतकऱ्याला तोंडी सांगून नंतर ‘आमची शिफारस नाही’ म्हणण्याची सवय फार जुनी आहे. शिवाय जाड आच्छादनावर उगवणपूर्व तणनाशक मारले तर त्यातले बरेचसे काडीवरच अडकते, मातीपर्यंत जात नाही. याचेही मार्गदर्शन कुठे मिळत नाही. आणि खुरपणी बंद झाली की ज्या बायांची पावसाळ्याची मजुरी जाते, त्यांचा रकाना ‘खर्चात बचत’ या शीर्षकाखाली दाखवताना थोडे अवघडल्यासारखे वाटायला हवे.

या पद्धतीने हमखास जिंकलेली एक जागा मात्र आहे आणि तिचा प्रचार फारच कमी होतो. ती म्हणजे सोयाबीननंतरचा हरभरा. सोयाबीन निघाले की रान मोगडायचे, रोटाव्हेटर मारायचा, मग पेरायचे, यात आठ-दहा दिवस जातात आणि प्रत्येक पाळीला ओल उडते. त्याऐवजी सोयाबीनची मुळे तशीच ठेवून, गळलेला पाला तसाच ठेवून, लगेच टोकण यंत्राने (जमीन न हलवता भोक पाडून बी टाकणाऱ्या यंत्राने) हरभरा लावला तर उगवण एकसारखी होते आणि पीक पुढच्या उन्हाच्या तडाख्याआधी घाट्यांवर येते. गंगेच्या खोऱ्यात भातानंतर विनानांगरणीचा गहू पसरला तोही याच कारणाने. तिथेही मुख्य कमाई पेरणी लवकर होण्याची आणि ट्रॅक्टरचा खर्च वाचण्याची होती, जमीन सुधारणे हा नंतरचा फायदा. शेतकऱ्याला पहिल्याच हंगामात दिसेल असे काही दाखवायचे असेल तर इथून सुरू करा. हरभऱ्यात जमलेला माणूस पुढच्या खरिपात सोयाबीनचा वाफा मोडणार नाही.

हे सगळे कोणाच्या जमिनीवर, हाही प्रश्न आहे. आमच्या गावात बरेच रान ठोक्याने किंवा बटईने केले जाते. करार पाडव्याला होतो, पुढच्या पाडव्याला संपतो. ज्याला पुढच्या वर्षी ते रान मिळेलच याची खात्री नाही तो पाच वर्षांनी सुधारणाऱ्या जमिनीसाठी यंदा पिवळे पीक का सोसेल? तो ट्रॅक्टर बोलावतो, रोटाव्हेटर मारतो, आणि त्याच्या जागी मीही तेच करीन. कृषी खात्याची प्रत्येक योजना सातबाऱ्यावर चालते, त्यामुळे हा माणूस तुमच्या यादीत कधी येतच नाही.

आता मागण्या. यादी मोठी करून तुम्हाला निवडायची सोय देत नाही.

रोटाव्हेटर आणि पलटी नांगरावरचे अनुदान कोरडवाहू काळ्या जमिनीच्या जिल्ह्यांत थांबवा आणि तोच पैसा कुट्टी यंत्र, टोकण यंत्र आणि आच्छादनातून पेरणाऱ्या यंत्रांकडे वळवा. तीही व्यक्तीला न देता गावाच्या अवजार बँकेत, कारण वर्षातून आठ दिवस लागणारे यंत्र प्रत्येकाच्या दारात उभे राहण्यात अर्थ नाही. मळणीयंत्राला भुसकट पसरवणारा पंखा जोडून देता येतो का, हे तुमच्या कृषी अभियांत्रिकी विभागांनी बघावे. एवढा एक सुटा भाग जरी झाला तरी सोयाबीनपट्ट्यात आच्छादनाचा अर्धा प्रश्न हलेल असे मला वाटते.

पुस्तिकांतली ‘खोल नांगरट’ ही ओळ दुरुस्त करा. कधी, कुठल्या जमिनीत, किती वर्षांनी आणि कशासाठी, हे लिहा. येत्या संयुक्त कृषी संशोधन बैठकीत हा विषय घ्या, आणि कीटकशास्त्र, तणशास्त्र, मृदशास्त्र यांनी एकत्र बसून एकच पान द्यावे.

आणि प्रयोग लांब पल्ल्याचा लावा. देशात दीर्घकालीन खत प्रयोग 1970 पासून चालू आहेत, त्यांची केंद्रे अकोल्याला आणि परभणीला आहेत. खताच्या बाबतीत तुमच्या बोलण्याला जे वजन आहे ते त्या प्रयोगांमुळे. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत 1976 पासून काळ्या जमिनीचा पाणलोट प्रयोग चालू आहे. रुंद वरंबा-सरी, सुधारित वाण, खते आणि वर्षाला दोन पिके या सगळ्यांच्या जोडीने तिथे हेक्टरी सरासरी सुमारे 5 टन धान्य आले, शेजारच्या पारंपरिक तुकड्यात सुमारे 1 टन. त्यातला किती वाटा वरंब्याचा, किती खताचा, हे वेगळे करून कोणी सांगत नाही, आणि नेमके तेच वेगळे करून हवे आहे. नांगरट, वखरपाळी, विनानांगरणी. प्रत्येकी आच्छादनासह आणि आच्छादनाविना. फेरपालटीसह आणि नुसत्या सोयाबीन-हरभऱ्यावर. निदान 15 वर्षे. विद्यापीठाच्या सपाट, पाण्याच्या प्रक्षेत्रावर नको, शेतकऱ्याच्या उताराच्या रानात, जिथे रानडुक्कर येते आणि मजूर वेळेवर मिळत नाही. दरवर्षीचे आकडे, पडलेल्या वर्षांसह, मराठीत आणि सगळ्यांना बघता येतील असे मांडा. 2 फूट खोलीपर्यंतचा कर्ब मोजा. पाणी मुरण्याचा वेग मोजा. खर्च लिहा, त्यात घरच्या बाईचे खुरपण मजुरीच्या दराने धरा.

आमचा गट यासाठी दोन ठिकाणी रान द्यायला तयार आहे: एक माथ्यावरचे हलके, एक ओढ्याजवळचे भारी. दोन्हींवर आजपर्यंत काय पिकले आणि काय नाही याच्या वह्या आहेत. एका तुकड्याचा मालक आणि करणारा वेगळा आहे. दोघांशीही बोलणे झाले असून 15 वर्षांच्या लेखी कराराला मालक तयार आहे, मात्र प्रयोगात एखाद्या वर्षी शेजारच्या रानापेक्षा जेवढे कमी पिकेल तेवढे विद्यापीठाने भरून द्यावे, असे करणाऱ्याचे म्हणणे आहे. मला ते रास्त वाटते. तुमचा माणूस उन्हाळ्यात आला तर भेगा पडलेल्या असतील, माती खोलवर बघता येईल. जूनच्या पहिल्या पावसानंतर आलात तर त्या वर्षाचा प्रयोग हुकलेला असेल.

आपला,
मराठवाड्यातला एक सोयाबीन-तूर उत्पादक
(शेतकरी गटाच्या वतीने)